जांभळ्या पापण्यांची दिवाळी

बांगड्या भरणाऱ्या बाईला एक अधिकार फुकटात मिळतो. गावातल्या कुठल्याही बाईचा हात आपल्या हातात घेऊन बसायचा. तिच्या नवऱ्यालाही चारचौघांत तो नसतो. तिसगावच्या पेठेत आमचं कासाराचं दुकान, आणि माझं सगळं आयुष्य तिथल्या गादीवर गेलं. बाईची चार बोटं जुळवायची, अंगठा तळव्यात दाबायचा आणि हाडाच्या उंचवट्यावरून बांगडी अशी सरकवायची की तिला कळताही कामा नये. त्यासाठी तिला बोलतं ठेवावं लागतं. गप्पा मारणं हा आमच्या धंद्याचाच भाग आहे, लोकांना उगीच वाटतं कासारीण चोंबडी असते. शिवाय भरताना बांगडी फुटली तर नुकसान आमचं. त्यामुळे मन लावून ऐकावंच लागतं.

दिवाळी अंकासाठी 'बांगड्यांच्या धंद्यातले अनुभव' लिहा असं मला सांगण्यात आलं. लिहायला बसले तेव्हा हात आठवायचे सोडून डोळेच आठवायला लागले. तेव्हा संपादकांनी रागावू नये.

माझा धाकटा भाऊ मुंबईला गोदीत कामाला होता. मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षी, नवरात्राच्या सुमाराला तो आला तो एक चपटी डबी घेऊन. उघडली तर आत आरसा आणि खाली रंगांच्या वड्या: निळी, हिरवी, जांभळी, कॉफीसारखी, सोनेरी, आणि कोपऱ्यात एक पांढरी चमचमणारी. सोबत काडीला लावलेला स्पंजाचा तुकडा.

"हे डोळ्याला लावतात," भाऊ म्हणाला.

"डोळ्यात?" सासूबाई दचकल्या. "झोंबंल की रं!"

"डोळ्यात नाही हो, पापणीवर."

याला आयशॅडो म्हणतात आणि त्या चमचमणाऱ्या वडीला हायलायटर, हे मला पुष्कळ वर्षांनी नातीकडून कळलं. आमच्या दुकानात त्यांची नावं 'पापणीचा रंग' आणि 'चकाकी'. गिऱ्हाइकाला तेवढ्यावर सगळं समजायचं.

माल आधी आपण वापरायचा आणि मग विकायला काढायचा, ही सासूबाईंची शिस्त. बांगडीचा नवा नमुना आला तरी तो पहिल्यांदा माझ्या हातात चढायचा. तेव्हा डबीतला पहिला रंगही माझ्याच पापण्यांवर आला. मला हिरवा आवडला. लावून जेवायला वाढलं, तर आमच्या ह्यांनी घास हातात तसाच धरून विचारलं, "पित्त खवळलंय का तुझं?" त्या दिवसापासून हिरवी वडी डबीत कोरीच्या कोरी पडून राहिली. चकाकीचंही तसंच. मला वाटलं पावडरीसारखी तोंडभर लावायची असेल. लावली आणि उजेडात आले, तर सासूबाई म्हणाल्या, "तोंडाला कल्हई केलीस व्हय गं?"

मग आम्ही दोघी दुपारच्या वेळी, गिऱ्हाईक नसताना, दाराला कडी घालून शिकायला बसायचो. हळूहळू कळत गेलं. चकाकी फक्त गालाच्या उंचवट्यावर आणि भुवईखाली टेकवायची. पापणीवर नाकाकडे फिका रंग आणि कानाकडे गडद. गडद रंगाने सुरुवात केली तर बाई जागरण झाल्यासारखी दिसते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे उजेड. दिवसा जो रंग गोड दिसतो तो कंदिलाच्या पिवळ्या उजेडात पार बदलतो. सोनेरी तर दिसतच नाही, आणि जांभळा काळा पडतो. हे शेवटचं मला जरा उशिरा कळलं, त्याचीच ही गोष्ट आहे.

सासूबाई विधवा होत्या. दुसऱ्यांच्या हातात रंगीबेरंगी बांगड्या भरण्यात त्यांचा जन्म चालला होता आणि स्वतःचे हात मोकळे. एका दुपारी त्या मला सोनेरी रंग कसा लावायचा ते सांगत होत्या, न लावताच सांगत होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, डोळे मिटा बरं."

"चल, काईतरीच!" म्हणाल्या, आणि डोळे मिटले.

लावून झाल्यावर आरसा दिला. त्यांनी तो एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे कलता करून बघितला. मग म्हणाल्या, "पूस आता." मी पदर ओला करून घेतला तर त्यांनी माझा हात धरला. "थांब जरा. जरा येळानं पूस." चहाची वेळ होईपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या. मला तेव्हा हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही मी गिळलं. पुढे पुसायला गेले तर पाण्याने रंग जाईना, मेणचट होता, नुसता पसरायला लागला. शेवटी खोबरेल लावलं, तेव्हा एका बोटात पापणी स्वच्छ झाली. आम्हाला खोबरेलाचा उपाय कळला तो असा.

दिवाळीच्या तोंडावर दुकानात उभं राहायला जागा नसते. त्या गर्दीत नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी, ऊन उतरताना हौसा आली. तिसगावपासून कोसभर अंतरावरच्या वाडीची पोर. वैशाखात लग्न होऊन पारनेरला दिलेली, आणि पहिल्या दिवाळसणाला नवऱ्यासोबत माहेरी निघालेली. नवरा दत्तू शाळेत शिपाई होता. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल, आणि बायकोकडे बघायचं झालं तरी आधी इकडेतिकडे बघणारा. पुरुष आमच्या दुकानात शिरत नाहीत, तो समोरच्या चहावाल्याकडे उभा राहिला.

बांगड्या भरून झाल्या तरी हौसा उठेना. तिची नजर डबीवर.

"काकू, ह्यो जांभळा मला शोभंल का हो?"

"तुला न शोभायला काय झालं? पण घरी चालेल का?"

"ह्यांना इचारते," म्हणाली आणि तिथूनच हाताने खुणा केल्या. दत्तूने चहाच्या कपात तोंड घालून मान हलवली. मी जांभळा लावला, भुवईखाली चकाकी टेकवली. पोर इतकी देखणी दिसायला लागली की दुकानातल्या बायका बांगड्या सोडून तिच्याकडेच बघत बसल्या. बाहेर गेल्यावर दत्तूने एकदा बघितलं, लाजला, आणि दोघं वाडीच्या वाटेला लागली. माझी छाती अभिमानाने फुगली होती.

दिवेलागण होऊन बराच वेळ झाला असेल, दारात बैलगाडी येऊन थांबली. हौसाचा थोरला भाऊ बापू खाली उतरला. धिप्पाड गडी, डोळे लाल.

"काकू, गाडीत बसा. आत्ताच्या आत्ता."

"अरे पण झालं काय?"

"जावयाला बांधून घातलाय. त्यो म्हनतो तुमी केलंय. खरं असलं तर तिथं येऊन सांगा. खोटं असलं तर त्याचं काय करायचं ते आमी बघतो."

सासूबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग डबीकडे. कोनाड्यातली खोबरेलाची बाटली घेऊन त्या माझ्याआधी गाडीत चढल्या.

झालं होतं ते असं. आमच्याकडे लेक-जावई दारात आले की भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि डोळ्यांना पाणी लावायचं. मग लेकीने आईच्या गळ्यात पडून रडायचं. दुःख असो नसो, पहिल्या खेपेला रडायचंच. दोघं पोचली तोवर अंधारून आलेलं. हौसाची आई गोदामावशी, तिने रीतीप्रमाणे पाणी लावलं, रंग पसरला. हौसा रीतीप्रमाणे रडली, आणखी पसरला. कुणीतरी कंदील वर केला. बघतात तर पोरीचे दोन्ही डोळे काळेनिळे आणि पोर हुंदके देतेय.

"काय झालं गं डोळ्यांना?" आईने विचारलं.

बाप आणि भाऊ समोर उभे असताना, बाजारात बसून तोंड रंगवून आले असं कुठली पोर सांगेल? तमाशातली झालीस का म्हणून विचारलं असतं. ती म्हणाली, "काई न्हाई गं. काई न्हाई झालं." मार खाल्लेली बाई अगदी असंच म्हणते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

बापू दत्तूकडे वळला. "पाव्हनं, हे तुमी केलं?"

दत्तूला वाटलं, रंग कुणाच्या परवानगीने लावला ते विचारताहेत. तो बिचारा लाजून म्हणाला, "व्हय. दिवाळी हाय म्हनलं, हौस हुती."

पुढचं सांगायला नको. दोघांनी मग कासारणीच्या रंगाचं सांगितलं, पण तोवर पोर नवऱ्याला वाचवतेय असंच सगळ्यांना वाटत होतं. मी पोचले तेव्हा इस्त्रीच्या सदऱ्यातला शाळेचा शिपाई गोठ्याच्या खांबाला दाव्याने बांधलेला होता. गालावर बापूची बोटं उमटलेली. शेजारची म्हैस त्याचं कोपर चाटत होती.

सगळी वाडी अंगणात गोळा झालेली. ह्या लोकांचा विश्वास बसला नाही तर दत्तूचं हाड शिल्लक राहणार नव्हतं, हौसाचा संसार पहिल्याच दिवाळीत मोडणार होता, आणि पुन्हा आमच्या गादीवर कुणी हात पुढे केला नसता. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी बाटली उंच धरली.

"हे खोबरेल. पोरीच्या डोळ्याला लावून बगा. निघालं तर माज्या सुनंचा रंग. न्हाई निघालं तर तुमच्या जावयाचा."

कंदील धरायला आणि तेलाची वाटी धरायला बापूची बायको सरू पुढे आली. मी अंगठ्याने तेल लावलं, पदराने टिपलं. एक डोळा निघाला. दुसरा निघाला. खाली हौसाची गोरीपान पापणी, ओरखडासुद्धा नाही.

आणि मग जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. म्हातारे हसले, पोरं हसली, हौसा रडता रडता हसली. हसला नाही तो फक्त दत्तू, कारण त्याला सोडायचं सगळेच विसरले होते. गोदामावशीने तिथल्या तिथे शिक्षा फर्मावली. उद्या पहाटे जावयाला अभ्यंगाचं तेल बापूने स्वतःच्या हाताने लावायचं, आणि ज्या गालावर मारलं तिथे दुप्पट चोळायचं.

त्या गोंधळात सरू माझ्याजवळ आली. वाटी अजून हातातच होती. हळूच म्हणाली, "सगळंच निघतं का हो काकू, त्येलानं?"

"माझं सगळं निघतं," मी दुकानदारणीच्या थाटात सांगितलं. तिने मान हलवली आणि वाटी घेऊन आत गेली.

या प्रकरणाने धंदा बसायचा तो चालला. तुळशीच्या लग्नापर्यंत जांभळी वडी अर्धी झाली. बायका डबीवर बोट ठेवून म्हणायच्या, "जावयाला बांधलं त्यो रंग लावा." आणि घरी जाताना खोबरेल न्यायला विसरायच्या नाहीत. तेलाचंही गिऱ्हाईक वाढलं. सासूबाई म्हणाल्या, "बापूला एक नारळ द्याया पायजे."

दुसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. बायका-पुरुष खडी फोडायच्या कामावर जायला लागले. खडी फोडताना बांगडी टिकत नाही आणि नवी भरायला कुणाचं मन होत नाही. दिवाळी आली तरी मी दुकानात माशा मारत बसले होते. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी डोक्यावरचा पदर पुढे ओढलेली एक बाई आत आली. बसली, पदर मागे घेतला. सरू होती.

"काकू, त्यो जांभळा रंग हाय का अजून?"

"आहे की."

"मग ह्या डोळ्याला बी लावा."

'ह्या' म्हणजे डाव्या. उजव्या डोळ्याला आधीच होता. तो माझ्या डबीतला नव्हता हे कळायला तेल लागलं नाही. पापणीचा रंग पापणीवर असतो. हा खाली गालापर्यंत उतरलेला, मध्ये जांभळा आणि कडेला हिरवट पिवळा.

"सांजच्याला वन्सं आन् पाव्हनं यायच्यात," ती म्हणाली. "खडी उडाली म्हनून सांगितलं असतं, पर घरातली सगळी त्याच कामावर. कुनाला खरं वाटंल? दोन्ही सारखं दिसलं म्हंजी नट्टापट्टा केला म्हनत्याल. हसत्याल. हसू द्या."

"बापूने?"

हात पुढे करून बसायची सवय, तसा तिने हातच पुढे केला. मी तो धरला. मनगटात बांगडी एक उरली होती, बाकी काचेने कापल्याच्या रेघा. बहिणीच्या पापणीवरचा रंग बघून जावयाला खांबाला बांधणारा तो बापू मला आठवला, आणि अंगभर चीड आली. चिडलेल्या हाताने रंग लावता येत नाही, म्हणून मी तांब्याभर पाणी प्यायले.

मग कामाला लागले. खोटं कशाला सांगू, माझ्या आयुष्यातलं सर्वांत चोख काम मी त्या दिवशी केलं. उजव्या डोळ्याकडे बघत बघत डावा रंगवला. जांभळ्याच्या कडेला थोडा सोनेरी, आणि त्यात हिरवा मिसळला. कोरी पडलेली हिरवी वडी पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडली. आरसा दिला. दोन्ही डोळे जुळ्यासारखे दिसत होते.

सरूने निरखून बघितलं. मग तिला काहीतरी आठवलं. "उद्या पाटं आत्याबाई समद्यांना त्येल लावत्याल. मला बी लावत्यात त्या. तवा?"

"तेव्हा एक डोळा पुसला जाईल," मी म्हणाले. "दुसरा नाही."

ती आरशात बघत राहिली. मी मनात म्हणत होते, बाई, पाटावर बस. अंग दुखतंय, डोकं दुखतंय, असलं काही निमित्त सांगू नकोस, जाऊन बस. पण तोंडाने बोलायचा मला काय अधिकार? रात्री त्याच घरात तिला राहायचं होतं.

"बरं," सरू म्हणाली. आरसा उलटा करून ठेवला आणि पदर पुढे ओढून गेली.

ती रात्र मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. पुढचं मला हौसाने सांगितलं, सासरी परत जाताना मुद्दाम वाट वाकडी करून.

संध्याकाळी सगळे हसले. "वैनी, तुमी बी व्हय!" म्हणून हौसाने टाळी दिली. बापू हसला नाही, उठून बाहेर गेला. पहाटे अंगणात पाट मांडले. गोदामावशीने आधी लेकीला तेल लावलं, मग सुनेला हाक मारली. सरू आली आणि पाटावर ताठ बसली. मावशीने डोक्यावर तेल घातलं, कपाळ चोळलं आणि दोन्ही अंगठे डोळ्यांवरून फिरवले. डावा डोळा स्वच्छ झाला. उजव्यावरून पुन्हा अंगठा फिरवला, तेव्हा सरू कळवळली.

गेल्या दिवाळीचं तेल त्या घरात सगळ्यांनी पाहिलेलं. कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

गोदामावशीने वाटी उचलून बापूपुढे धरली. "ये. तू पूस."

"आये, सनासुदीचं काय हे..."

"पूस म्हनते ना. तुज्या हातानं पूस. निघतंय का बगू."

बापू बायकोसमोर उकिडवा बसला. तेलात अंगठा बुडवला आणि तिच्या डोळ्याला टेकवला. ती हलली नाही. कितीदा फिरवला तरी रंग तिथेच.

आणि मग, हौसा सांगत होती, दत्तू उठला. सासुरवाडीत मान वर करून पाणी न मागणारा तो जावई गोठ्यात गेला, खांबाचं दावं सोडून आणलं आणि सासूच्या पायाशी ठेवलं. पुन्हा आपल्या पाटावर येऊन बसला.

गोदामावशीने लेकाला बांधला नाही. दावं उचललं आणि बापू जिथे टोपी अडकवायचा त्या खुंटीला अडकवलं. "ते हितंच ऱ्हाईल," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून टोपी काढायची म्हटली की आधी दाव्याला हात लागायचा.

ही गोष्ट ऐकून सासूबाई पहिल्यांदाच माझ्या देखत रडल्या. मी त्यांना म्हटलं, "आत्याबाई, आता नारळ दत्तूला द्यायचा."

बापूने पुन्हा कधी हात उचलला की नाही, हे सरूच्या घरात शिरून बघायला मी गेले नाही. पण कासारणीला घरात शिरावं लागत नाही, मनगट पुरतं. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, खडीचं काम सुटलं, आणि त्याच्याही पुढच्या दिवाळीला सरू आली. सोबत बापू होता, बाहेर चहावाल्याकडे तोंड फिरवून उभा. ती गादीवर बसली, हात पुढे केला. मी संक्रांतीला भरलेल्या बांगड्या सगळ्याच्या सगळ्या मनगटात होत्या. चारी बाजूंनी रंग उडालेला, वर्ख गेलेला, काच नुसती पांढरी पडलेली. एकही फुटलेली नव्हती.

"या कशाला गं बदलतेस?" मी उगीचच म्हटलं. "चांगल्या धड आहेत की."

सरूने हात वर करून त्या माझ्यापुढे वाजवल्या, आणि अशी हसली की बाहेर बापूनेही वळून बघितलं.

"न्हाई काकू," म्हणाली, "लई जुन्या झाल्या."